गाठोडं न सोडता

काल नवतपा लागला. सूर्य रोहिणीत गेला की नागपुरात नऊ दिवस माणसं एकमेकांशी कमी बोलतात. सदरच्या बाजारात दुपारी दुकानांची शटरं अर्धी खाली येतात आणि त्या अर्ध्या अंधारात मालक कूलरकडे पाय करून पडलेला असतो. दुपट्ट्यात चेहरा गुंडाळून गाडीवरून जाणारा माणूस ओळखीचा निघाला, तरी तो कोण हे घरी पोचल्यावर सुचतं. शेजारच्या गच्चीवर कुरड्या वाळत पडल्या आहेत. दुपारनंतर त्या उचलायलाही कोणी वर येत नाही.

या दिवसांत मला काही वर्षांपूर्वीचा एक नवतपा हटकून आठवतो. त्यात सांगण्यासारखं फार मोठं काही घडलं नव्हतं. एक जुना संगणक बंद पडायला आला होता आणि त्याच्यातल्या फायली दुसऱ्या जुन्या संगणकात न्यायच्या होत्या. त्यासाठी दोन उतारवयातली माणसं खापा या गावातल्या एका घरात जमिनीवर मांडी घालून बसली होती. त्यातला एक मी.

दुसरी शालिनी. तरुणपणी आम्ही दोघांनी मिळून काम केलं. सदरला चष्म्याच्या एका दुकानावर दोन खोल्या होत्या, तेच आमचं ऑफिस. ती खाप्याच्या विणकराघरची. साडीचा काठ संगणकाला कसा सांगावा हे तिच्या डोक्यात, आणि ते त्याच्याकडून कसं करवून घ्यावं हे थोडं माझ्या डोक्यात. त्यातून आमचा एक प्रोग्राम तयार झाला. पडद्यावर काठ उमटवायचा, छापायचा, तो भाग तिचा. साडीची रुंदी बदलली की काठ लहानमोठा करायचा, पण त्यातले करवतीसारखे दात मोडू द्यायचे नाहीत, तो भाग माझा. चार-दोन विणकर संस्थांनी तो वापरला. मग त्या संस्थाच एकेक करून बंद पडल्या. मी कॉलेजात शिकवायला लागलो. शालिनीचे वडील आजारी झाले म्हणून ती खाप्याला गेली, आणि तिथेच शाळेत गणित शिकवायला राहिली. आमचं भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर निदान मिटवायला तरी भेटलो असतो. ऑफिसात युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारी दोन यंत्रं होती. एक तिनं नेलं, एक मी. काठ आणि प्रोग्राम दोन्ही तिच्या यंत्रावरच होते; माझं माळ्यावर चादरीखाली पडून राहिलं.

इतक्या वर्षांनी त्या नवतप्यातल्या एका सकाळी तिचा फोन आला.

"अविनाश, मी शालिनी बोलून राहिली. माझं मशीन आवाज करून राहिलं गा. आतमध्ये कोणी खडे चाळते असा."

"डिस्क गेली ती," मी म्हणालो. "कॉपी आहे?"

"टेपवर घ्याले गेली, तर टेपच्या खोक्यातलं रबर डिंकासारखं चिकट झालं. बाबांचे सगळे काठ त्याच्यातच आहेत. दादानं दोन माग परत बसवले. त्याले ते पाह्यजे."

मी विचारलं, "मशीन बंद तर नाही केलंस?"

"नाही. बंद केलं तर उठणार नाही असं वाटते."

बोलणं जुन्या जागेवरून सुरू झालं, याचं मला त्या वेळी नवल वाटलं नाही. नंतरही फारसं वाटलं नाही.

तिच्या यंत्राला नेटवर्कची जी खोबण होती ती जुन्या पद्धतीची होती. जाड काळी केबल, टोकाला फिरवून बसवायचं पितळी बोंडूक. आजच्या कुठल्याही लॅपटॉपला तसली केबल लागत नाही. माझ्या माळ्यावरच्या यंत्राला मात्र दोन्ही खोबणी होत्या, जुनीही आणि नवीही. म्हणजे तेच दुभाषी. तिचं यंत्र हलवण्यात अर्थ नव्हता, म्हणून माझंच न्यायचं ठरलं. मी ते गादीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं आणि वरून पट्टा लावला. लॅपटॉप पुढच्या सीटवर. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघालो, तरी कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडेपर्यंत ऊन टोचायला लागलं होतं. राखेच्या ट्रकांमागून जाताना काचा वर, आणि ट्रक गेले की काचा खाली, असा मी खाप्याला पोचलो. कन्हानच्या पात्रात वाळूच जास्त दिसत होती.

मनोहरभाऊ, शालिनीचे थोरले भाऊ, दारातच उभे होते. यंत्राचा एक कोपरा त्यांनी धरला, दुसरा मी. वहिनींनी पन्हं आणून दिलं आणि माझ्या खिशाकडे पाहत विचारलं, "कांदा नाही ठेवला? असेच आले एवढ्या उन्हाचे?" मग आतून एक कांदा आणून त्यांनी स्वतःच माझ्या खिशात टाकला.

शालिनीचे केस पांढरे झाले होते. माझे गेले होते. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "केबल आणली नं?" मी होय म्हणालो.

तिचं यंत्र आतल्या खोलीत, भिंतीला लागून होतं. शेजारच्या मोठ्या खोलीत दोन माग. एकावर ताणा चढवलेला होता, पिवळट रंगाचे उभे धागे, आणि वंदना नावाची एक बाई तुटलेला धागा जोडत होती. खोलीत कूलर होता, पण त्याची हवा ओली म्हणून यंत्राकडे येऊ द्यायची नाही, असं शालिनीनं ठरवलेलं. त्यामुळे मागाला गारवा आणि आम्हाला छताचा पंखा. यंत्राच्या पोटातून खरंच खडे चाळल्यासारखा आवाज येत होता. मध्येच तो थांबे, आणि आवाज येत होता तेव्हापेक्षा आम्ही जास्त घाबरत असू.

सदरच्या त्या ऑफिसात उन्हाळा कसा असायचा, ते इथे सांगावंसं वाटतं. यंत्रांना थंडावा लागतो म्हणून आतली खोली वातानुकूलित होती. घरी आम्हा दोघांकडेही कूलरच होते. शालिनीचे वडील, नामदेवराव, मे महिन्यात खाप्याहून एसटीनं यायचे. बसमधून उतरताना अंगरखा घामानं चिकटलेला, आणि आमच्या खोलीत शिरले की पिशवीतून शाल काढून अंगावर घ्यायचे. भर नवतप्यात शाल पांघरून बसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते डोळे मिटून काठ सांगायचे. "एक उचल, दोन सोड. एक उचल, दोन सोड. आता तीन उचल." बोटं गुडघ्यावर चालत असत. शालिनी टंकत असे. उचललेल्या धाग्याला चांदणी, सोडलेल्याला टिंब. ओळीमागून ओळ. पानभर टिंबं आणि चांदण्या झाल्या की लांबून पाहावं, तिथे करवतीचे दात दिसायचे, लाटा दिसायच्या, रुईची फुलं दिसायची. काठाला नाव तेच द्यायचे, लांबलचक. खाप्याची करवतकाठी मोठ्या दाताची. खाप्याची करवतकाठी बारक्या दाताची, लाल. यंत्राला तेव्हा मराठी येत नव्हती, म्हणून ही नावं इंग्रजी अक्षरांत लिहिलेली असत.

त्या काळात मला ते काठ म्हणजे माझ्या प्रोग्रामला घालायचं खाद्य वाटे. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तरुण माणसाला आपण लिहिलेलं तेवढं दिसतं.

केबल जोडली. दोन्ही यंत्रं एकमेकांना दिसू लागली. अशा कामाला युनिक्सवर एक जुनी आज्ञा आहे, टार नावाची. ती फायलींचं गाठोडं बांधते. घड्या घालत नाही, दाबून लहान करत नाही, फक्त एकामागे एक सगळं बांधते. आणि तिची खुबी अशी की गाठोडं पूर्ण होईपर्यंत थांबावं लागत नाही. एका यंत्रावर बांधणं चालू असताना दुसऱ्या यंत्रावर ते येत राहतं.

मनोहरभाऊ मागे उभे राहून पाहत होते. "टार म्हणजे डांबर का गा?" त्यांनी विचारलं.

"स्पेलिंग तेच," मी म्हणालो.

"बाहेर रस्त्यावर ते वितळून राहिलं, आणि तुम्ही इथी आतमध्ये बांधून राहिले," ते म्हणाले आणि मागाकडे गेले.

आधी चाचणी म्हणून शालिनीनं पाचच काठांचं छोटं गाठोडं बांधलं. माझ्या यंत्रावर ते आलं. मी सोडलं, यादी पाहिली, तर आत एकच काठ. पुन्हा केलं. पुन्हा एकच.

शालिनीनं चष्मा काढून पदरानं पुसला.

कारण समजायला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर ते किती साधं होतं याचा राग आला. माझ्या यंत्राला चौदा अक्षरांपलीकडचं नाव ठेवता येत नव्हतं. लांब नाव आलं की ते पुढचं कापून टाकायचं. पाचही काठांच्या नावांची सुरुवात खाप्याच्या करवतकाठीनं होत होती. कापल्यावर सगळ्यांचं नाव एकच. मग दुसरा काठ पहिल्यावर बसला, तिसरा दुसऱ्यावर, आणि शेवटी पाचवा तेवढा उरला.

"म्हणजे तुह्या मशीननं बाबांचे काठ एकमेकांवर बसवले," शालिनी म्हणाली.

"तुझ्याकडे मूळ आहेत अजून."

"आहेत. कुठपर्यंत आहेत ते तो आवाज सांगून राहिला."

उपाय तिनंच काढला. माझ्या यंत्रावर गाठोडं सोडायचंच नाही. बांधलेलं येऊ द्यायचं, एकाच लहानशा नावाखाली ठेवायचं, आणि तसंच बांधलेलं माझ्या लॅपटॉपवर पाठवायचं. तिथे लांब नावं चालतात, तिथे सोडायचं. दुभाष्यानं पत्र फोडायचं नाही, फक्त पोचवायचं.

आम्ही सगळं एकत्र बांधायची आज्ञा दिली आणि वीज गेली.

नवतप्यात वीज जाणं काही विशेष नाही. माझं यंत्र आणि पंखा, दोन्ही थांबले. शालिनीच्या यंत्राला एक बॅटरी होती, ती थोडा वेळ बीप बीप करत राहिली आणि मग तीही गप्प झाली. शेजारच्या खोलीत कूलर थांबल्यावर मागाचा आवाज एकदम स्पष्ट ऐकू यायला लागला. माग हातानं चालणारा, त्याला विजेचं काय. वंदना विणत राहिली.

वीज आली तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. शालिनीचं यंत्र सुरू केलं. दिवा लागला, पण डिस्क फिरेना. आता खड्यांचा आवाजही नाही. तिच्या पोटातला फिरणारा पत्रा जागेवर चिकटून बसला होता.

शालिनीनं यंत्राचं झाकण उघडलं. डिस्क तारांसकट बाहेर काढली आणि तळहातावर घेतली. "एक उपाय आहे," ती म्हणाली. "झटका द्यायचा. हळू दिला तर काही होत नाही आणि जोरानं दिला तर सगळं जाते."

मी म्हणालो, "तूच दे."

तिनं मनगट एकदा फिरवलं, कुलपात किल्ली फिरवावी तसं. मी बटण दाबलं. आतून एक बारीक शीळ आली, चढत गेली आणि स्थिर झाली. मनोहरभाऊ दारातून म्हणाले, "फिरली?" शालिनीनं नुसती मान डोलावली. डिस्क परत आत ठेवायची हिंमत कोणाची झाली नाही. ती तशीच चौरंगावर, दुमडलेल्या साडीवर ठेवून दिली.

ही पुन्हा उठणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. आता सगळं एकत्र बांधण्यात शहाणपण नव्हतं. जे आधी बांधू ते येईल. नंतरचं येईल न येईल.

शालिनीनं आज्ञा लिहिली. मी वाचली. तिनं आमचा प्रोग्राम आधी लिहिला होता. काठ नंतर.

"काठ आधी घे," मी म्हणालो.

तिचा हात की-बोर्डवरच होता. "काहून?"

"त्यासाठीच तर मी आलो ना."

"बाबांचे काठ दादाच्या हातात आहेत थोडेबहुत," ती म्हणाली. "वंदनाच्या हातात दोन-चार आहेत. भंडाऱ्याकडे जुन्या साड्या कोणाच्या तरी पेटीत असतील. आपलं काम कोणाच्या हातात आहे? इथून गेलं तर कोठीच नाही."

तिचं म्हणणं खरं होतं. आयुष्यात तिनं केलेलं एक काम, जे फक्त तिचं होतं, ते त्या साडीवर फिरणाऱ्या पत्र्यावर होतं. माझंही होतं. मी कॉलेजात पुष्कळ वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं शिकवलं. स्वतः लिहिलेलं एवढंच. आणि ते आधी यावं असं मलाही वाटत होतं, हे मला ती आज्ञा वाचताना समजलं.

मनोहरभाऊ जवळ आले. "काय झालं वं शालू? काहून थांबले?"

तिनं त्यांना सरळ सांगितलं. दोन्ही येतील याचा भरवसा नाही. एक बाबांचं आहे, एक आमचं. कोणतं आधी घ्यावं हे ठरत नाही.

मनोहरभाऊंनी त्या फिरणाऱ्या डिस्ककडे पाहिलं. "बाबा असते तर म्हणले असते, तुमचं घ्या," ते म्हणाले. "ते तुमच्या खोलीतून घरी येत नं, तर माग किती चालला हे नाही विचारत. पोरीनं आज काय बनवलं, ते सांगत. आम्ही जेवून राहिलो का झोपून राहिलो, त्यांचं तेच." मग म्हणाले, "पण मले ते काठ अर्धेच येतात. खोटं काहून बोलू?"

शालिनीनं लिहिलेली ओळ पुसली. सावकाश, एकेक अक्षर. मग पुन्हा लिहिली. काठ आधी.

ते आले. पण रांगत आले. डिस्क एकाच जागी पुन्हा पुन्हा वाचायची, अडायची, पुढे जायची. पडद्यावर एकेक नाव उमटे आणि शालिनी ते ओठातल्या ओठात वाचे. वहिनी मध्ये ताक ठेवून गेल्या. शेवटचं नाव उमटलं, आज्ञा संपली, आणि तिनं लगेच दुसरी दिली. प्रोग्रामची.

अर्धा आला असेल. मग चौरंगावरून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज आला, लांबला, आणि शीळ उतरत उतरत बंद झाली. शालिनीनं डिस्क उचलून आणखी एक झटका दिला. आणखी एक. मग तिनं ती खाली ठेवली आणि दुमडलेल्या साडीचा एक पदर तिच्यावर टाकला.

"झालं," ती म्हणाली.

पहिलं गाठोडं आम्ही न सोडता लॅपटॉपवर नेलं आणि तिथे सोडलं. नामदेवरावांनी दिलेल्या पूर्ण नावांसकट सगळे काठ बाहेर आले, एकही दुसऱ्यावर बसला नाही. मनोहरभाऊ लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. टिंबं आणि चांदण्या पाहत त्यांची बोटं गुडघ्यावर चालायला लागली होती. त्यांना ते ठाऊक नसावं.

दुसरं गाठोडं फाटकं. टारचं एक बरं असतं, फाटेपर्यंत जे आत गेलं ते मिळतं. त्यातून शालिनीचा भाग निघाला, काठ पडद्यावर उमटवणारा आणि छापणारा. माझ्या भागातलं पहिलं पान निघालं आणि त्याच्या मध्यावर वाक्य तुटलं. शालिनीनं ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुझं राहिलं गा," ती म्हणाली.

"तुझं आलं ना," मी म्हणालो.

त्यात मोठेपणा नव्हता. परत येताना मी मनाशी तपासून पाहत होतो की वाईट किती वाटतंय. अपेक्षेपेक्षा कमी वाटत होतं, आणि त्याचंच जरा वाईट वाटलं. खिडकीतून झळा येत होत्या. मागच्या सीटवर दुभाषी पट्टा लावून बसला होता.

त्यानंतर मनोहरभाऊ शालिनीच्या भागातून छापलेल्या कागदांवरून विणू लागले. वंदना शिकली, आणखी दोघी आल्या, तिसरा माग बसला. कागदावरचा काठ ज्या रुंदीचा, त्याच रुंदीची साडी. दुसरी रुंदी हवी असली की मनोहरभाऊ आणि शालिनी रात्रीच्या जेवणाआधी बसून हातानं दात मोजून वाढवत. कधी जमे, कधी मध्येच दात मोडे आणि विणलेलं उसवावं लागे. हे मला शालिनी फोनवर सांगायची. आता आमचा फोन होतो. वारंवार नाही, पण होतो.

यंदा होळीनंतर ती म्हणाली, "दादाची नजर कमी होऊन राहिली. हातानं नाही होत आता. तुझा भाग पाह्यजे."

"तो गेला, शालिनी."

"गेला तो कागद गेला. तुले येत होतं नं?"

मी आधी टाळलं. मग एका सकाळी बसलो. तरुणपणी ज्यासाठी माझी दोन वर्षं गेली होती, ते आठवत नव्हतं. एक ओळही नाही. आठवत नाही म्हटल्यावर नव्यानं विचार करावा लागला. दात मोडतो कुठे, का मोडतो. तेव्हा मी प्रत्येक दातासाठी वेगळा नियम लिहिला होता, एवढं अंधुक लक्षात होतं. आता डोळे मिटून बसलो तेव्हा लक्षात आलं, नामदेवराव कधी दात मोजतच नव्हते. दोन दातांमधली जागा मोजत होते. जागा सांभाळली की दात आपोआप राहतो. सगळं मिळून दोन-तीन पानांत बसलं. जुनं काम सापडलं असतं तर मी तेच दुरुस्त करत बसलो असतो.

काल ते खाप्याला पाठवलं. आज दुपारी, शटरं खाली आणि रस्ता सामसूम असताना, शालिनीचा फोन आला. मी विचारलं, चालतं का.

मागाचा आवाज येत होता, एका मागाचा नाही, दोन-तीन मागांचा, एकमेकांत मिसळलेला. तिनं फोन त्या बाजूला धरला असावा.

"चालून राहिलं," ती म्हणाली.